कॉम्पवाल्या ओपन पिस्तुलात प्रॅक्टिसला शिशाच्या गोळ्या मारू का?

पत्र:
"ताई नमस्कार. मी मूळचा पुण्याचा, सध्या डॅलसजवळ राहतो. कॉलेजात एनसीसीमुळे बालेवाडीला थोडी .२२ मारली होती, ग्रीन कार्ड आल्यावर इथे यूएसपीएसएच्या (अमेरिकेतल्या प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजीच्या संघटनेच्या) मॅचेस सुरू केल्या. आधी कॅरी ऑप्टिक्स (बिनकॉम्पच्या, डॉटवाल्या पिस्तुलांचा गट), आणि गेल्या वर्षी सेकंडहँड ओपन पिस्तूल (कॉम्प चालतो त्या गटाचं) घेतलं, ९ एमएम मेजर म्हणजे जोरदार भरणीचं, तीन चेंबरचा कॉम्प म्हणजे झटका कमी करणारा नळीच्या तोंडावरचा ठोकळा, फ्रेमवर डॉट म्हणजे नेम धरायची ठिपक्याची काच. रिलोडिंग, म्हणजे काडतुसं स्वतः भरणं, गॅरेजमध्येच करतो. आठवड्याला ४०० राउंड होतात आणि जॅकेटेड (तांब्याचं आवरण असलेल्या) गोळ्यांचा खर्च झेपत नाहीये, साध्या शिशाच्या गोळ्या हजारामागे ५०-६० डॉलरने स्वस्त पडतात. क्लबातले एक आजोबा म्हणाले आम्ही कॉम्पवाल्या पिस्तुलातून शिशाच्याच मारायचो, प्रॅक्टिसला काय होतंय. त्यांनी स्वतः ओतलेल्या, मेण लावलेल्या गोळ्यांचा डबाच दिला. ५०० मारल्या. आता कॉम्पच्या आत चंदेरी-काळं काहीतरी घट्ट बसलंय आणि डॉटची काच सारखी धूसर होते. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून ठेव, सगळं निघतं असं एकाने सांगितलं, करू का? की शिशाऐवजी कोटेड, म्हणजे शिशावर पॉलिमरचा थर दिलेल्या, घेऊ? जाता जाता, घरात दीड वर्षाची मुलगी आहे, बायको म्हणते शिसं घरात नको. ती उगाच घाबरतेय ना?"

उत्तर:
तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि उत्तर शेवटच्या ओळीपासून सुरू करतेय, कारण तू जे जाता जाता लिहिलंयस तेच माझ्या मते सगळ्यात आधीचं आहे. बायको उगाच घाबरत नाहीये, ती बरोबर आहे. त्याचं सविस्तर खाली लिहिते पण आत्ता एवढं कर की ते व्हिनेगर-पेरॉक्साइडचं अजून केलं नसशील तर करू नकोस, केलं असशील तर ते पाणी कुठेही ओतू नकोस, झाकण सैलसर लावून (पेरॉक्साइडमधून निघणाऱ्या वायूला वाट हवी) मुलीचा हात पोचणार नाही अशा जागी कुलपात ठेव आणि मग पुढे वाच.

आता पिस्तुलाकडे येऊ. उघड्या शिशाच्या गोळ्या कॉम्पमधून मारू नकोस, प्रॅक्टिसलासुद्धा नाही, आणि ओपनसाठी कोटेडही घेऊ नकोस. मी स्वतः बारा वर्षं ओपन खेळतेय, यातल्या दोन्ही गोष्टी मी केल्यात, त्यामुळे ऐकीव सांगत नाहीये.

होतं काय ते नीट समजून घे, म्हणजे उद्या कुणी वेगळं सांगितलं तर तुला स्वतःलाच ठरवता येईल. कॉम्प म्हणजे नळीच्या तोंडाला बसवलेला चेंबरांचा ठोकळा, दोन चेंबरांच्या मध्ये आडवी भिंत, म्हणजे बॅफल, आणि वरच्या बाजूला पोर्ट, म्हणजे वायू निघायची भोकं. गोळीच्या मागून जो वायू येतो तो या भिंतींवर आदळतो आणि पिस्तुलाला पुढे ओढतो, वरच्या पोर्टमधून जो झोत निघतो तो तोंडाला खाली दाबतो, म्हणून डॉट जागेवर राहतो, ओपनची सगळी मजा यातच आहे. पण हे काम व्हायला बॅफलचं भोक गोळीपेक्षा थोडंसंच मोठं असावं लागतं, फार मोठं केलं तर वायू सरळ पुढे निघून जातो आणि भिंतीवर काही आदळतच नाही. म्हणजे तुझी गोळी, इंचाच्या साडेतीन दशांशापेक्षा जराशी जाड, सेकंदाला १,३०० फुटांहून जास्त वेगाने एकामागून एक अशा अरुंद दारांतून जातेय, कुठेही न घासता. हे रोज नीट होतं याचंच मला अजून कौतुक वाटतं.

आता यात शिसं आण. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि दारूचा वायू त्याच्या कितीतरी पट गरम असतो. गोळी नळीत असते तो वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, त्यामुळे अख्खी गोळी वितळत नाही, पण गोळीच्या बुडाचं शिसं या वायूसमोर उघडं असेल तर त्याचा पातळ थर निघतो, काही वितळून, काही वाफ होऊन, काही बारीक कण होऊन. साध्या नळीत हे सगळं वायूबरोबर तोंडातून बाहेर पडून हवेत जातं. कॉम्पवाल्या पिस्तुलात बाहेर पडायच्या आधी मध्ये भिंती येतात ना, तो गरम वायू तिथे पसरतो, गार होतो, आणि शिसं भिंतीवर थिजून बसतं. फोडणीची वाफ स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टच्या जाळीवर बसून चिकट थर होतो तसंच, फक्त हा थर धातूचा आहे आणि कापडाने पुसून जात नाही. त्यावर काजळी बसते, काजळीवर पुन्हा शिसं, असे पापुद्रे चढत जातात, आणि ५०० गोळ्यांत तू जे बघितलंस ते म्हणजे हेच. मेणाचं वेगळं, ते जळून धूर होतो, आणि कॉम्पचे पोर्ट वर उघडतात म्हणजे हा तेलकट धूर आणि शिशाचे तुषार बरोबर तुझ्या डॉटच्या काचेसमोरून वर जातात, म्हणून काच धूसर. काच पुसत बसून काही होणार नाही.

तुझ्या पिस्तुलाच्या नळीला कॉम्पच्या मागे वरून छोटी भोकं पाडलीयेत का ते बघ, त्यांना पॉपल होल म्हणतात, सेकंडहँड ओपन पिस्तुलांत पुष्कळदा असतात. असतील तर अजून वाईट, मऊ शिशाची गोळी त्या भोकांच्या कडेवरून जाताना किसणीवरून खोबरं जावं तशी थोडी थोडी खरवडली जाते आणि तो कीस सगळा पुढे कॉम्पमध्ये.

आता धोका कुठे आहे. थर सगळीकडे सारखा बसत नाही. एका बाजूला गाठ झाली आणि बॅफलचं भोक त्या बाजूने अरुंद झालं की गोळी तिथे हलकीशी घासते, एवढं पुरतं, ती डगमगत जाते. ७ यार्डांवर कळतही नाही, २५ यार्डांवर कागदावर गोल भोकाऐवजी आडवं लांबट भोक दिसतं, म्हणजे गोळी आडवी होऊन लागली. माझ्याबाबतीत एका मॅचमध्ये याहून पुढची गोष्ट झाली. कोटेड गोळ्यांवर एक सीझन काढला होता, कॉम्प वरवर साफ करायचे, आत टॉर्च मारून कधी बघितलं नाही. स्टेजच्या मध्येच एक आवाज वेगळा आला आणि माझ्या डावीकडे उभ्या असलेल्या रेंज ऑफिसरने एकदम मान मागे घेतली, त्यांच्या गालावर शिशाचे बारीक तुकडे उडाले होते. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून निभावलं. स्टेज थांबवली, पिस्तूल रिकामं करून बघितलं तर दुसऱ्या बॅफलची कड गोळीने खाल्लेली. तो माणूस मला एक शब्दही रागाने बोलला नाही आणि मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. तेव्हापासून ओपनमध्ये फक्त जॅकेटेड, आणि रेंजवर जायच्या आधी कॉम्पमध्ये टॉर्च. म्हणून तुला इतकं ठासून सांगतेय. तुझ्या कॉम्पमधली घाण ज्याला लागेल तो तू नसशील, तो तुझ्या बाजूला टायमर धरून उभा असलेला माणूस असेल.

आजोबांचं काय, तर ते खोटं बोलत नाहीयेत, हे आधी लक्षात घे आणि त्यांच्याशी वाद घालू नकोस. आयपीएससी ही प्रॅक्टिकल नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये मिसुरीतल्या कोलंबिया गावात सुरू झाली, यूएसपीएसए १९८४ मध्ये, आणि त्या ऐंशीच्या दशकात रॉब लेथम, ब्रायन इनोस ही नेमबाज मंडळी .३८ सुपरची काडतुसं आणि कॉम्प घेऊन आली आणि .४५ वाल्यांचं जग बदललं. तेव्हा मेजर, म्हणजे जोरदार काडतूस, म्हणून मोजायची पॉवर फॅक्टरची रेषा १७५ होती. पॉवर फॅक्टर म्हणजे गोळीचं वजन ग्रेनमध्ये (गोळी-दारू मोजायचं बारीक एकक) गुणिले वेग फूट-सेकंदात भागिले १,०००, तर १५० ग्रेनची जड गोळी घेतली तर १,१७० च्या वेगाला १७५.५ होतात. आज तुझी रेषा १६५ आहे पण गोळी १२४ ची आहे, म्हणजे १,३५० ला १६७.४, आणि ११५ ची घेतली तर १,४५० लागतो. वेग बराच वाढला, आणि तो वाढवायला हळू जळणारी दारू जास्त भरायची, म्हणजे वायूही जास्त, कारण कॉम्पला वायूच हवा असतो. शिशाच्या मऊ गोळीला १,१७० आणि १,३५०-१,४५० यात खूप फरक पडतो. आणि तेव्हाचे कॉम्प पुष्कळदा एक-दोन मोठ्या चेंबरचे, खरवडून काढायला सोपे, आणि ती माणसं दर रविवारी रात्री बसून ते खरवडायची. तेही त्यांना विचार, सांगतील.

कोटेडबद्दल, कारण ते विचारणारा तू पहिला नाहीस. ओतलेल्या गोळीवर पॉलिमरचा थर देऊन भट्टीत भाजतात, लाल, हिरव्या, निळ्या दिसतात, हाताला शिसं लागत नाही, नळीतही शिसं बसत नाही, आणि बूडही झाकलेलं असतं, त्यामुळे लोकांना वाटतं की मग कॉम्पचा प्रश्नच मिटला. साध्या पिस्तुलासाठी मला त्या मनापासून आवडतात. पण कॉम्पमध्ये तो थर मेजरच्या वेगाला आणि उष्णतेला पुरत नाही, रायफलिंगमध्ये (नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांत) कापला जातो, पॉपल होल असतील तर तिथे सोलला जातो, आणि कॉम्पच्या आत शिसं अधिक जळका पॉलिमर असा जो थर होतो तो मला तरी नुसत्या शिशापेक्षा काढायला जड गेला. माझी वरची गोष्ट कोटेडचीच आहे.

प्लेटेडचं थोडक्यात. तांब्याचा मुलामा चढवलेल्या, बूड झाकलेलं, जेएचपीपेक्षा (टोकाला खड्डा असलेल्या जॅकेटेड गोळीपेक्षा) स्वस्त. साधा मुलामा पातळ असतो, बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच १,२०० ते १,२५० फुटांच्या आसपास मर्यादा सांगतात, आणि तू त्याच्या वर चाललायस. जाड मुलाम्याच्या वेगळ्या मिळतात, त्यांच्या डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीत वेगाची मर्यादा लिहिलेली असते, ती तुझ्या क्रोनोच्या, म्हणजे वेग मोजायच्या यंत्राच्या, आकड्याच्या वर आहे का बघ आणि मगच घे.

आणि जॅकेटेडमध्येसुद्धा एक गोम आहे जी दुकानात कुणी सांगत नाही. साधी एफएमजे म्हणजे नाव फुल मेटल जॅकेट पण ते जॅकेट टोकाकडून चढवलेलं असतं आणि बुडाला शिसं उघडंच राहतं. म्हणजे वर सांगितलेला सगळा प्रकार थोड्या कमी प्रमाणात तिथेही होतो, आणि लोक म्हणतात अरे मी तर जॅकेटेड मारतोय तरी कॉम्प का भरतो. जेएचपीमध्ये उलटं असतं, जॅकेट बुडाकडून चढवतात आणि शिसं उघडं राहतं ते पुढच्या खड्ड्यात, जिथे गरम वायू पोचत नाही. म्हणून ओपनवाले सगळे जेएचपी मारताना दिसतात, शिकारीचा किंवा स्वसंरक्षणाचा काही संबंध नाही, बूड बंद आहे म्हणून. सीएमजे, टीएमजे नावाने मिळतात त्यांचंही बूड झाकलेलं असतं. तुझ्याकडचा डबा उघड आणि गोळी उलटी करून बुडाकडे बघ, तांबडं दिसलं तर ठीक, करडं दिसलं तर ओपनसाठी नाही. दहा सेकंदांचं काम आहे.

एक गोष्ट बालेवाडीच्या आठवणीतून तुझ्या मनात येईल, की आपण .२२ तर शिशाचीच मारायचो आणि राही सरनोबत काय किंवा २५ मीटरचे बाकीचे पिस्तूलवाले काय, शिशाच्याच गोळीवर पदकं आणतात. खरंय, आयएसएसएफच्या (ऑलिंपिक नेमबाजीच्या संघटनेच्या) नियमातच .२२ ला शिशाची किंवा तशीच मऊ गोळी लागते. पण तिथे वेग बराच कमी, दारू चिमूटभर, आणि समोर बॅफलच्या तीन भिंती नाहीत. त्या अनुभवावरून इथला हिशोब काढू नकोस.

आता पैशाचं बोलू, कारण तो मुद्दा मी उडवून लावणार नाही. तुझ्याच आकड्यांनी बघ, आठवड्याला ४००, वर्षाचे ५० आठवडे धरले तर २०,००० गोळ्या, हजारी ५०-६० डॉलर, म्हणजे वर्षाला १,००० ते १,२०० डॉलरचा फरक. डे-केअरची फी भरणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही. पण मला सांग, आठवड्याच्या ४०० गोळ्या सगळ्या ओपनमधूनच का मारायच्या? तुझ्याकडे कॅरी ऑप्टिक्सचं पिस्तूल आहे ना, ते विकलं नसशील अशी आशा करते. ट्रिगर दाबणं, टार्गेट बदलणं, पायांची हालचाल, मॅगझिन बदलणं, यातलं बहुतेक सगळं त्या पिस्तुलावर तितकंच शिकता येतं, उलट कॉम्प नसल्यामुळे पकड ढिली पडली की लगेच दिसतं. त्याच्यासाठी १४७ ग्रेनच्या कोटेड घे, ९०० च्या वेगाला १३२ होतात, मायनरच्या, म्हणजे हलक्या काडतुसाच्या, १२५ च्या रेषेच्या वर आरामात, झटका मऊ, धूर कमी, आणि तिथे कोटेड अगदी आपल्या जागी आहेत. फक्त त्या पिस्तुलाच्या मॅन्युअलमध्ये शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाच, ग्लॉकसारखे काही लोक नळीच्या आतल्या आकारामुळे शिशाची गोळी नको म्हणून स्पष्ट सांगतात, आणि कोटेड मारायच्या ठरवल्या तरी पहिल्या १०० नंतर नळीत टॉर्च मारून बघ.

मग ओपनमधून आठवड्याला १५० पुरेत, पण त्या मॅचच्याच लोडने, म्हणजे काडतुसातल्या त्याच भरणीने. वर्षाला ७,५०० झाल्या, हजारी ५०-६० ने जास्तीचा खर्च ३७५ ते ४५० डॉलर. गनस्मिथकडे नवीन नळी आणि कॉम्प बसवून घ्यायची वेळ आली तर याहून जास्तच जातात. आणि ड्राय फायर रोज पंधरा मिनिटं, रिकाम्या पिस्तुलाने, ज्या खोलीत एकही काडतूस नाही तिथे. त्याला तर काहीच लागत नाही.

मॅचच्याच लोडने का म्हणतेय, तर काही जण सुचवतील की ओपनमधून प्रॅक्टिसला हलका मायनर लोड मार, गोळी शिशाची असली तरी वेग कमी म्हणजे शिसं कमी बसेल. शिसं थोडं कमी बसेल हे खरं, पण मग ओपन कशाला चालवतोयस? कॉम्प वायूवर चालतो. दारू कमी केलीस की वायू कमी, मग डॉट वेगळा उडतो, वेगळा खाली येतो, तुझे डोळे आणि मनगट त्या लयीला सरावतात आणि मॅचच्या दिवशी मेजर भरलास की सगळं वेगळं. शिवाय पिस्तूल ज्या लोडसाठी लावलंय त्याच्यापेक्षा हलकं काही दिलं की स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी अडकते, मग तू हलकी स्प्रिंग घालशील, मग मेजर मारताना ती काढायची विसरशील. हा फेरा मी बघितलाय. दारूचं माप मी इथे देत नाही, ते मॅन्युअलमधूनच घे आणि तुझ्या क्रोनोवर तपास.

साफ कसा करायचा. ओपन पिस्तुलात कॉम्प बहुतेक वेळा नळीला कायमचा चिकटवून बसवलेला असतो, फिरवून काढायच्या भानगडीत पडू नकोस, नळीसकट बाहेर काढ. कोरडं खरवडू नकोस, हे सगळ्यात महत्त्वाचं, कोरडं खरवडलं की शिशाची धूळ उडते आणि ती तुझ्या नाकात आणि गॅरेजच्या फरशीवर जाते. झिरपणारं तेल किंवा सॉल्व्हंट घालून रात्रभर भिजू दे, मग पितळेची किंवा दाताच्या डॉक्टरकडची असते तशी बारीक टोकाची सळई घेऊन एका बाजूने सुरू कर, थर बऱ्यापैकी पापुद्र्याने निघतो. नळीच्या आत शुद्ध तांब्याच्या घासणीचे धागे ब्रशला गुंडाळून फिरव, पण आधी घासणीला लोहचुंबक लावून बघ, चिकटली तर ती तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड आहे, ती वापरू नकोस. हातात नायट्राइलचे ग्लोव्ह्ज. खाली जुना पेपर, काम झालं की सगळं गुंडाळून बंद डब्यात, आणि तो डबा काउंटीच्या हॅझार्डस वेस्टच्या केंद्रावर, घरच्या कचऱ्यात नाही. शेवटी टॉर्च मारून बॅफलच्या कडा बघ. एखादी कड खाल्लेली, वाकलेली दिसली तर गनस्मिथला दाखवल्याशिवाय एकही गोळी मारू नकोस.

आणि ते व्हिनेगर-पेरॉक्साइड. ते काम करतं, हे मी लपवणार नाही, कॉम्प चकाचक निघतो, म्हणून तर लोक सांगतात. मीही एकदा केलंय. पण ते शिसं जातं कुठे ते कुणी सांगत नाही. पेरॉक्साइड शिशाचं ऑक्साइड करतं, व्हिनेगरमधलं आम्ल ते विरघळवतं, आणि तयार होतं लेड ॲसिटेट. घन शिशाचा तुकडा हातावर ठेवला तर तो फारसा आत जात नाही, हे मात्र पाण्यात विरघळलेलं शिसं आहे, ते कातडीतून आणि पोटातून जास्त सहज आत जातं, आणि ते चवीला गोड लागतं. गोड. दीड वर्षाच्या मुलीच्या घरात गॅरेजच्या फळीवर वाटीत ठेवलेलं गोड विष, यापुढे मी काही लिहायची गरज नाही. वर ते स्टीलचं ब्ल्यूइंगही (गंज रोखणारा निळसर-काळा थर) खातं आणि जरा जास्त वेळ राहिलं तर पोलादही. करून झालं असेल तर ते पाणी सिंकमध्ये नाही, गटारात नाही, झाडाला नाही, बाटलीवर नाव लिहून त्याच हॅझार्डस वेस्टच्या केंद्रावर नेऊन दे.

आता तुझ्या घराचं. नुसत्या जॅकेटेड गोळ्या घेतल्या म्हणजे शिसं संपलं असं समजू नकोस, नेहमीच्या प्रायमरमध्येही (काडतुसाच्या बुडाची ठिणगी पाडणारी टोपी) शिशाचं संयुग असतं, प्रत्येक गोळीला त्याचा धूर निघतो आणि कॉम्प तो वर आणि तुझ्या तोंडाकडे फेकतो. माझंच सांगते, एका हिवाळ्यात इकडे ओहायोत बाहेर बर्फ म्हणून चार महिने आठवड्यातून तीनदा इनडोअर रेंजवर मारत होते, ओपनच, तेही कोटेड. नेहमीच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना सहज म्हटलं की शिसं बघा, आकडा १९ आला. सीडीसीने (अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) २०२१ पासून लहान मुलांसाठी लक्ष द्यायची रेषा ३.५ वर आणलीये, मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर, म्हणजे बघ. मला काहीही होत नव्हतं, थोडी चिडचिड आणि झोप कमी, ते मी ऑफिसच्या नावावर टाकलं होतं. इनडोअर बंद केलं, घरातल्या सवयी बदलल्या, आठ महिन्यांनी ६ वर आलं. रक्तातलं शिसं महिन्याभरात साधारण निम्मं होतं पण जे हाडांत जाऊन बसतं ते तिथे वर्षानुवर्षं राहतं आणि हळूहळू रक्तात येत राहतं, म्हणून इतका वेळ.

लहान मुलांचं गणित वेगळं असतं. पोटात गेलेल्या शिशातलं मोठ्या माणसाच्या मानाने चार-पाच पट जास्त त्यांचं शरीर शोषून घेतं असं डब्ल्यूएचओ सांगते, आणि सुरक्षित म्हणावी अशी पातळीच माहीत नाही. तुझी मुलगी आत्ता फरशीवरचं दिसेल ते तोंडात घालायच्या वयात आहे. तू गॅरेजमधून ज्या बुटांनी आत येतोस तीच फरशी. म्हणून रेंजचे बूट गाडीच्या डिकीत, घरात नाहीत. रेंजचे कपडे आल्या आल्या काढ, वेगळे धू, आणि स्वतः धू, बायकोने नको, विशेषतः दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर, कारण गरोदरपणात आईच्या हाडातलं शिसं रक्तात येतं आणि बाळापर्यंत जातं. हात, तोंड, दाढी गार पाण्याने आणि साबणाने, मग मुलीला उचलायचं, आधी नाही, ती कितीही हात वर करून धावत आली तरी नाही. हे सगळ्यात अवघड आहे मला माहीत आहे.

पुंगळ्या साफ करायचं कोरडं टम्बलर असेल तर त्याची धूळ म्हणजे प्रायमरचं शिसं, झाकण उघडताना जो करडा ढग उठतो ना तोच. ते गॅरेजमध्ये चालवू नकोस. ओलं टम्बलर घे, पाणी असल्यामुळे धूळ उडत नाही, आणि ते पाणी स्वयंपाकघरात किंवा बाथरूमच्या सिंकमध्ये ओतू नकोस. रिलोडिंगच्या टेबलाखाली झाडू नाही, साधा व्हॅक्यूमही नाही, तो धूळ मागून बाहेर फेकतो, ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्यायचं. टेबलावर चहा नाही, शेंगदाणे नाहीत. आणि आजोबा म्हणाले की चल ओतायला शिकवतो, तर त्यांच्या अंगणात धूर तुझ्याकडे येणार नाही अशा बाजूला उभं राहून बघ, पण तुझ्या घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये शिसं वितळवायचं भांडं अजिबात आणू नकोस.

दोघींची, म्हणजे बायकोची आणि मुलीची, आणि तुझी स्वतःची रक्ताची तपासणी याच आठवड्यात करून घे, लेड टेस्ट म्हणून सांग, डॉक्टरांना रिलोडिंगबद्दल खरं सांग. मुलीची बोटातून घेतलेल्या थेंबावर जास्त आली तर घाबरू नका, बोटाला लागलेल्या धुळीनेही ती जास्त येऊ शकते, शिरेतून रक्त घेऊन पुन्हा बघतात. आपल्या घरांत डॉक्टर अजून दोन-तीन गोष्टी विचारतील, देशातून आणलेली सुटी हळद, कुंकू-सिंदूर, आयुर्वेदिक भस्मं, कारण या गोष्टींतही शिसं सापडलेलं आहे. तेव्हा देव्हाऱ्यातलं आणि डब्यातलं सगळं प्रामाणिकपणे सांगा, पण त्यावर ढकलून गॅरेजचा विषय मागे टाकू नकोस. आकडा जास्त आला तर काय करायचं ते डॉक्टरच सांगतील, शिसं बाहेर काढायच्या गोळ्या म्हणून जे काही विकतात ते स्वतःहून घेऊ नकोस.

उरलेल्या गोळ्यांचा डबा आजोबांना परत दे, त्यांच्याकडे जुनं .३८ चं रिव्हॉल्व्हर किंवा .४५ असेलच, त्यात त्या मजेत चालतील, आणि त्यांना सांग की कॉम्प भरला म्हणून परत देतोय, ते समजतील. बायकोला हे पत्र वाचायला दे. आणि तिघांचे रिपोर्ट आले की आकडे मला कळव, मी वाट बघतेय.